पांढऱ्या नवारीच्या आत

सिदू हवालदाराबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखायचं. उगाच सोवळेपणा कशाला करू? शाळेतले सगळे मास्तर त्याला देवमाणूस म्हणायचे. मीही मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, असेल देवमाणूस, पण माझ्या नदीवर कशाला तडमडला?

माझी नदी म्हणजे कृष्णा. आता कृष्णा काही मी संस्थानाकडून लिहून घेतली नव्हती. पण सांगलीला हायस्कुलात सायन्स शिकवायला लागल्यापासून नऊ वर्षं, दर रविवारी, दशम्या बांधून घेऊन मी तिच्या काठानं वर वर जात होतो आणि संध्याकाळी पिशवीभर दगड घेऊन परतत होतो. बायको शेजारणींना सांगायची, "लोकांचे नवरे बाजारातून भाजी आणतात, आमचे हे धोंडे आणतात." ते धोंडे नव्हते. हातकुऱ्हाडी होत्या. पंजात मावेल एवढा दगड, दोन्ही अंगांनी टवके काढून पिंपळपानासारखा केलेला, एक टोक निमुळतं. दांडा नाही, भोक नाही. लाखो वर्षांपूर्वी, शेती नव्हती, भांडं नव्हतं, कपडा नव्हता, तेव्हाच्या माणसानं हातात धरून वापरलेलं हत्यार. जावा बेटावर माकड आणि माणूस यांच्या मधल्या कुणाची तरी कवटी सापडली होती, मद्रासेकडच्या लाल मातीत अशा कुऱ्हाडी निघाल्या होत्या, नर्मदेच्या काठी तर जुन्या हत्तींच्या हाडांबरोबर निघाल्या होत्या. मग कृष्णेनंच कुणाचं घोडं मारलं होतं?

मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पुण्याला या विषयातले एक मोठे प्राध्यापक होते. त्यांच्या छापील अहवालात कृष्णाकाठच्या आदिमानवाबद्दल चार ओळी याव्यात आणि त्यांत माझं नाव असावं. बस. पगारवाढ नको, हेडमास्तरकी नको. त्यांना मी वर्षाला दोन पत्रं पाठवायचो. त्यांचं एकच ठरलेलं उत्तर यायचं, "हत्यार थरात जागेवर आढळल्यास कळवावे."

लढाई संपली त्या साली शाळेत नवा ड्रिलमास्तर आला. मूळचा म्हसवडचा, सिद्धनाथाच्या नवसाचा म्हणून नाव सिदाजी. घरची मेंढरं. लढाईत सुरुंग काढणाऱ्या पलटणीचा हवालदार म्हणून आफ्रिकेच्या वाळवंटात जाऊन आलेला. उंच, काटकुळा, खळ घातलेली खाकी चड्डी, आणि डाव्या हाताला तीनच बोटं. चालताना दोन्ही हात पाठीशी बांधलेले. बाजारात सुद्धा हा माणूस भाजीला हात लावायचा नाही, नुसती नजर टाकून "ती चार नगं, बाकीची द्या" म्हणायचा, आणि ती चार नेमकी किडकी निघायची.

आमची पहिली गाठ खंडेनवमीला पडली. शाळेत त्या दिवशी शस्त्रपूजा असायची. ड्रॉइंगमास्तर रंगाच्या पेट्या आणि पट्ट्या मांडायचे, शिपाई घंटेचा हातोडा मांडायचा, आणि स्टाफरूममधलं मोठं टेबल माझं. आदल्या दिवशी मी सगळ्या हातकुऱ्हाडी काथ्यानं घासून, धुऊन, खोबरेल तेलाचा हात फिरवून चकचकीत करायचो. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि "माणसाचं पहिलं शस्त्र" असं माझं भाषण. हेडमास्तर दरवर्षी "वा वा" करायचे.

सिदू टेबलाभोवती एक फेरी मारून आला. हात पाठीशीच.

"मास्तर, ही कुटं गावली?"

"नदीत."

"नदीत कुटं?"

"काठाला. गोट्यांत."

"कंच्या काठाला? पाण्यापसनं किती वर? सुटी पडल्याली का मातीत बसल्याली?"

"हवालदार, दोनशे दगड आहेत," मी म्हटलं. "एकेकाचं कुलगोत्र कुठं विचारत बसू?"

सगळे हसले. सिदू हसला नाही. "व्हय व्हय. इचारलं आपलं," म्हणाला आणि बाजूला झाला. त्यानं विचारलं तेच पुण्याचे प्राध्यापक दरवेळी विचारत होते. नदी दगड कुठूनही कुठंही आणून टाकते. सुट्या दगडाला वय नसतं. थरात बसलेल्या दगडाला थराचं वय मिळतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. या मेंढरं राखणाऱ्याच्या पोरानं न वाचता विचारलं होतं.

"कुटं?" हा त्याचा एकच प्रश्न. कुणी म्हणालं वांगी स्वस्त मिळाली, की "कुटं?" कुणाच्या मुलीचं जमलं, "कुटं?" एकदा ड्रॉइंगमास्तरांच्या पोटात कळ आली तर हा ओव्याची पुडी मुठीत धरून उभा. "कुटं? बोट ठिवा." बोट ठेवल्याशिवाय पुडी सोडली नाही. ड्रॉइंगमास्तरांनी कळवळत बेंबीच्या डावीकडे बोट ठेवलं तेव्हा म्हणाला, "मग ह्यो वायगोळा. घ्या."

आणि ती चष्म्याची काच! हेडमास्तर मैदानावर कवायत बघायला आले आणि त्यांच्या चष्म्याची एक काच निखळून पडली. अख्खी शाळा शोधायला धावणार, तेवढ्यात सिदू कडाडला, "हाय तिथंच उभं ऱ्हावा! पाय उचलशीला तर बघा!" हेडमास्तरसुद्धा एका पायावर उभे राहिले. सिदू काटकोनात चार पट्ट्या पाडून नुसता बघत चालला. पाचेक मिनिटांत थांबला. काचेच्या चारी अंगांना चार काड्या रोवल्या आणि म्हणाला, "साहेब, ही तुमची काच. तुमीच उचला." त्यानंतर पंधरा दिवस शाळेत दुसरा विषय नव्हता. मी त्याच आठवड्यात पोरांसमोर ऑक्सिजन तयार करून दाखवला होता. त्याचं कुणाला काय!

घरी तर कहर. बायको त्याला "हवालदार भाऊजी" म्हणायची. साखर तेव्हा रेशनची. मला गुळाचा चहा, आणि सिदू आला की डब्यातली साखर बाहेर. मी एकदा बोललोच. ती म्हणाली, "एवढं लढून आलेत ते. तुम्ही कुठं लढलात?" वर तिनंच सुचवलं, "त्यांना न्या की नदीवर. तुम्ही शोधता, त्यांना दिसतं." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

नेलं. न नेऊन करतो काय?

सकाळपासून मी वाकत, उचलत, पिशवीत टाकत चाललो होतो. सिदू मागून हात बांधून येत होता. त्यानं काही उचललं नाही. मी टोमणा मारला, "हवालदार, खाली बघितल्याशिवाय सापडत नाही."

"बघतुया की."

"उचलत तर काही नाही."

तेव्हा त्यानं बोटांची गोष्ट सांगितली. "वाळवंटात जर्मनानं सुरुंग पेरल्यालं, मास्तर. आमचं काम बघायचं. दिसलं की चारी अंगानं पांढरी फीत लावायची आन् म्होरं जायाचं. उचलणारं मागनं येत्यात, त्येंचं त्ये काम. म्या एकदाच उचाललं. वाटलं, आपल्याला दिसलंय तर आपूनच काढावं, साहेब शाबास म्हनंल." त्यानं डावा हात पुढे धरला आणि परत पाठीमागं नेला. "तवापसनं दिसलं तरी हात बांधून ऱ्हातो."

दुपारी एका उंच दरडीखाली तो थांबला. "मास्तर, म्होरं पाय नगा टाकू."

नऊ वर्षं मी त्या दरडीच्या सावलीत दशम्या खाल्ल्या होत्या. वर काळी माती, खाली पिवळी, तिच्याखाली चुनखडीनं सिमेंटसारखा घट्ट झालेला गोट्यांचा थर. सिदूनं हनुवटीनं दाखवलं. "बाकीचं गोटं बघा, नदीनं घासून गुळगुळीत. त्यो एकच बघा. कडंनं धार हाय. मानसानं फोडल्याला हाय त्यो." थरातून दोन बोटं बाहेर आलेली, अर्धी आत गाडलेली हातकुऱ्हाड. आणि तिच्या डावीकडे वीतभर अंतरावर काहीतरी पिवळट, दगड झालेलं. "ही दाढ," सिदू म्हणाला. "मेंढराची न्हवं, म्हशीची न्हवं. बैलाच्या जातीचं कायतरी, पर लय थोर. असलं जनावर म्या कवा बघितलं न्हाई."

नाहीशा झालेल्या जनावराची दाढ आणि माणसाचं हत्यार, एकाच थरात, शेजारी शेजारी! म्हणजे ते जनावर या काठानं चरत होतं तेव्हा इथं माणूस होता. प्राध्यापक मागत होते तो पुरावा हाच. मी झेप घेतली, तर सिदूचा तीन बोटांचा हात माझ्या छातीवर आडवा. "नगं, मास्तर. हाय तिथं हाय, म्हनून त्येला किंमत."

त्याच्या खिशात पलंगाला विणतात ती पांढरी नवार होती, गुंडाळून ठेवलेली. ती तो कायम बाळगायचा. बाभळीच्या चार खुंट्या रोवून त्यानं दरडीपुढं नवार ताणली. "आता कळवा तुमच्या साहेबाला."

आनंद झाला म्हणू? नाही झाला. नऊ वर्षं नदी मी तुडवली, आणि ती याच्यापुढं मूठ उघडून बसली, एका रविवारात!

पत्र लिहिलं. "आम्हांस थरात जागेवर हातकुऱ्हाड आढळली आहे." सिदूला वाचून दाखवलं. म्हणाला, "तुमचंच नाव घाला, मास्तर. माझं कशाला?" हे तर जास्तच झोंबलं. ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो ते हा माणूस असं देऊन टाकत होता. शेवटी लाजेखातर एक ओळ घातली, "प्रथम आमच्या ड्रिलमास्तरांच्या नजरेस पडली." ती ओळ नडली. उत्तर आलं, मार्गशीर्षातल्या एका रविवारी येतो, "ज्यांना हत्यार दिसले त्या गृहस्थांना अवश्य हजर ठेवावे. ते न उचलण्याची दृष्टी दुर्मिळ आहे."

दुर्मिळ! नऊ वर्षांत मला कुणी दुर्मिळ म्हटलं नव्हतं. बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि सिदूसाठी साखर वेगळी काढून ठेवली.

आदल्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी मी छिन्नी-हातोडी पिशवीत टाकून एकटाच दरडीला गेलो. काय करणार होतो ते मला पक्कं माहीत होतं. कुऱ्हाड काढायची, दोन फर्लांग वर त्याच थरात बसवायची आणि उद्या सिदूच्या जागी भोकच निघालं की म्हणायचं, "साहेब, मला आणखी एक ठाऊक आहे." म्हणजे दिसली कुणाला? मला.

नवार ओलांडली. छिन्नी घातली. चुनखडी चिवट होती, पण सुटली. कुऱ्हाड हातात आली आणि थरात तिच्या आकाराची खोबण राहिली. वर जाऊन दुसरीकडे भोक पाडलं, बसवायला गेलो, तर चारी बाजूंनी फटी. माती चेपली तर ताजी दिसे. दोनदा, तीनदा केलं. ऊन उतरलं. शेवटी पिशवीत टाकून घरी आलो, म्हटलं सकाळी लवकर जाऊन परत जागच्या जागी ठेवू. कुणाला कळतंय?

बायको देवळात गेली होती. मी न्हाणीत बसून उद्या कायकाय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो, आणि हात आपले चालले होते, नऊ वर्षांच्या सवयीनं. काथ्या घेतला, घासली, दोन तांबे पाणी ओतलं, पुसली, तेलाचा हात फिरवला. कुऱ्हाड चकाकायला लागली तेव्हा मी भानावर आलो. तिला चिकटलेली थराची माती, चुनखडीचा पापुद्रा, ती कुठली आहे हे सांगणारं जे जे काही होतं ते मोरीतून वाहून गेलं होतं. आता तिच्यात आणि माझ्या दोनशे दगडांत काही फरक उरला नव्हता. मग ती तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसली.

प्राध्यापक आले. ठेंगणे, मितभाषी गृहस्थ. आधी माझं कपाट पाहिलं. एक कुऱ्हाड उचलली, वास घेतला.

"तेल?"

"खोबरेल. दरवर्षी लावतो."

त्यांनी ती खाली ठेवून रुमालानं बोटं पुसली. "कुठं सापडली ही?"

"नदीत," मी म्हटलं.

नदीवर गेलो. सिदू धुतलेल्या खाकीत वाटेवर उभा होता, तो आमच्याबरोबरच दरडीशी आला. नवार जशीच्या तशी, आणि आत पिंपळपानाच्या आकाराची रिकामी खोबण. प्राध्यापकांचा चेहरा उतरला. ते वाकले, छिन्नीच्या पांढऱ्या खुणांवरून बोट फिरवलं आणि सिदूकडे वळले. "हे कुणी काढलं? तुम्ही?"

सिदूनं खोबणीकडं बघितलं. खाली सांडलेल्या चुऱ्याकडं बघितलं. त्या चुऱ्यात माझ्या चपलेचा ठसा होता. टाचेला ठोकलेल्या तीन खिळ्यांसकट. मग माझ्या पायांकडं बघितलं. एवढं झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघायची त्याला गरज पडली नाही.

"माझी चूक, साहेब," तो ताठ उभा राहून म्हणाला. "पहारा ठेवाया पायजे हुता. न्हाई ठेवला."

प्राध्यापकांनी खोबणीची मापं घेतली, दाढ अलगद काढून कापसात गुंडाळली. "नुसत्या दाढेला मी काय करू?" असं एकदाच म्हणाले. मी तोंड उघडलं असतं तर त्यांना निदान धुतलेली कुऱ्हाड तरी मिळाली असती, खोबणीत बसवून बघता आली असती. मी उघडलं नाही. परतताना त्यांची बॅग सिदूनं घेतली आणि मी मागून रिकाम्या हातांनी चालत राहिलो.

तीन-चार दिवसांनी बायकोनं तांदूळ काढताना विचारलं, "अहो, हा धोंडा डब्यात कशाला?"

"पोरकिडे लागू नयेत म्हणून," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि डबा बंद केला. पुन्हा तो विषय काढला नाही. साखरेवरूनही मी पुन्हा बोललो नाही.

सिदू शाळेत पूर्वीसारखाच वागत होता. "मास्तर, च्या घेतला का?" तेवढंच. मी नदीवर जायचं सोडलं. तो मात्र दर रविवारी जायचा, असं कळायचं. रिकाम्या भोकापुढची नवार ढिली झाली की ताणायचा, खुंट्या ठोकायचा. मला वाटायचं, मला जाळायलाच करतोय. त्यानं एकदा माझी गचांडी धरली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. तेवढंही सुख त्यानं मला दिलं नाही.

वैशाखात छापील अहवाल आला. माझं नाव होतं! आडनावासकट, आद्याक्षरांसकट. "यांचा संग्रह पाहिला. सुमारे दोनशे हत्यारे. स्थान अज्ञात." सिदूचा उल्लेख नव्हता. मी ते पान बायकोला दाखवलं नाही.

त्याच महिन्यात सिदूला पलटणीचं परत बोलावणं आलं. निघायच्या दिवशी सकाळी तो नदीवर गेल्याचं शिपायानं सांगितलं. मी तांदळाच्या डब्यात हात घातला, कुऱ्हाड धोतराच्या सोग्यात धरली आणि अक्षरशः पळत गेलो. तो दरडीपुढं उकिडवा बसला होता.

मी कुऱ्हाड पुढं केली. "हवालदार, मी..."

"तुमीच बसवा," तो म्हणाला. हात लावला नाही.

मी खोबणीशी गुडघे टेकले. बसवली. अशी गच्च बसली, जणू कुणी कधी काढलीच नव्हती. सिदूनं पुढं वाकून बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "हितंच हुती."

"मला माफ करा. मला तुमचं बघवलं नाही."

"ठावं हाय, मास्तर. नवार आमी कशाला लावतो? बाहीरच्या मानसानं आत यिऊ नये म्हनून. तुमाला बाहीरचं धरलं न्हवतं, म्हनून पहारा ठेवला न्हाई." दरडीकडं बघून म्हणाला, "आता काढा ती. पावसात दरड जायाची. घरी न्या."

मग त्यानं चारी खुंट्या उपटल्या, नवार झटकली आणि डाव्या हाताच्या तीन बोटांवर गुंडाळत गुंडाळत मिरजेच्या वाटेला लागला. गुंडाळून झाल्यावर हात पाठीशी बांधले. वळून बघितलं नाही. नंतर तो मला कधी दिसला नाही.

त्या पावसात दरड खरोखरच गेली. खंडेनवमीला मी अजून दगड मांडतो, आता तेल लावत नाही. त्या दोनशेत एकच असा आहे, की तो कंच्या काठाला, पाण्यापासून किती वर, कुठल्या थरात, दाढेच्या कुठल्या बाजूला होता हे मला बोट ठेवून सांगता येतं. येणारा प्रत्येकजण का कोण जाणे, नेमका तोच उचलतो.

"कुठं सापडला हा?"

"नदीत," मी म्हणतो.